चंपा सुटली का?

जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई आमच्या काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत अजून येते. जुने किस्से घेऊन काही देणारं मात्र कोणी येत नाही. मग ते घरातच साठत जातात. माझ्याकडे 'चंपाकोठी'चे इतके साठलेत की बसायला जागा नाही.

सीरियल संपली. रोज संध्याकाळी साडेसातला माझ्या खोलीत भरणारी मंडळी पांगली. टीव्हीवर मी क्रोशाचा रुमाल टाकून ठेवलाय. वाटतं, ते शेवटचं पर्व आम्ही बघायलाच नको होतं. पाचव्यावर थांबलो असतो तर आज सगळे इथे बसून सहाव्याची वाट बघत असतो!

असो. लिहून मोकळं व्हावं म्हटलं. मला शाळेत कोणी घातलं नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर मी अक्षरं शिकले, आणि आज शब्दाचा अर्थ अडला की लोक माझ्याकडे येतात. ब्रह्मा घाटावरचे वेद शिकलेलेसुद्धा! आक्काने सांगितला तो अर्थ. तेव्हा चुका काढायच्या असतील तर समोर येऊन काढा.

*

'चंपाकोठी' म्हणजे भुताची सीरियल. चंपा ही नवी नवरी. नवरा डोली आणायला म्हणून बाहेर पडतो आणि परत येतच नाही. वाट बघता बघता ती कोठीच्या, म्हणजे सासरच्या हवेलीच्या, जिन्यावरच प्राण सोडते आणि पुढेही तिथेच बसून राहते. कोठीचं दार लावायचं नाही, एवढा एकच तिचा नियम. लावलं की लावणारा खलास! पहिल्या पर्वात तीन नोकर आणि एक वकील गेला.

पहिला भाग बघून माझी नात गौरी पाय वर घेऊन बसली. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी यमू मात्र मटार सोलत म्हणाली, "त्यात घाबरायचं काय? दार उघडं ठेवा म्हणते, एवढंच ना?"

आम्हीही मुकाट मटार सोलायला घेतले. कारण यमूचा माधव.

मी आणि यमू एकाच वर्षी लग्न होऊन या घरात आलो. मी वर, ती खाली. तिचा एकुलता एक माधव एका सकाळी मित्राला सोडायला कँट स्टेशनवर गेला. मित्र त्याच्या गावी पोचला, माधव घरी पोचला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, प्रयागच्या माघमेळ्यात तंबू तंबू फिरून झालं. तेव्हापासून यमूच्या दाराला आतून कडी लागली नाही. नुसतं लोटलेलं असायचं, चार बोटं फट ठेवून.

रोज निजायच्या आधी मी वरून ओरडायचे, "यमू, कडी लाव गं!"

खालून उत्तर यायचं, "लावली, लावली!"

एवढ्या वर्षांत कडीचा आवाज मी एकदाही ऐकला नाही.

*

शेवटचं पर्व काशीत घडणार, असं जाहीर झालं आणि आमच्या गल्लीला माहेरपण आलं! चंपाला मुक्ती मिळावी म्हणून सीरियलमधली सगळी मंडळी कोठीतल्या मातीचा घट घेऊन इथे येणार, आणि मग परत कोठीत जाऊन बघणार की ती सुटली का.

पहिल्याच भागात घाट दाखवला. पायऱ्या आमच्या, छत्र्या आमच्या, पाणी आमचं. आणि सूर्य गंगेच्या पलीकडे मावळला!

"अरे मेल्यांनो!" मी उठून उभी राहिले. "आमच्या घाटांची तोंडं पूर्वेला! सूर्य पलीकडे उगवतो, मावळतो कसा?"

"आजी, सुबह शूट केलं असेल आणि शाम म्हणून दाखवलं," गौरी म्हणाली. तिचं मराठी असंच, अर्धं कॉलेजात राहिलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला ब्रह्मा घाटावर गेले तर नाववाला नावेतूनच हाक मारतोय, "अम्मा, कल टीवी देखे? सूरज हमसे बिना पूछे उस पार डूब गया!"

मग संध्याकाळी माझ्या खोलीत पलीकडच्या तीरावरून विषय निघाला. त्या तीरावर मेलं की गाढवाचा जन्म येतो, असं इथे सगळेच म्हणतात. गौरी पटकन बोलून गेली, "मग चंपाचा नवरा तिकडे मेला असेल आणि गाढव झाला असेल! म्हणून तर येत नाही."

सगळे हसले आणि मध्येच थांबले. यमूकडे बघायची कोणाची हिंमत होईना.

यमू शांतपणे म्हणाली, "गाढव असता तर संध्याकाळी घरी आला असता."

*

आता विष्णू. हा यमूच्या दिराचा मुलगा. ब्रह्मा घाटावर राहतो, याज्ञिकी करतो. दांडग्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. माधवच्याच वयाचा, एका ताटात जेवून वाढलेले दोघे.

पितृपक्षात तर्पणाला बसला की विष्णू सगळ्यांची नावं धडाधड घेतो आणि एका जागी अडतो. मला एकदा म्हणाला, "आक्का, गेलेल्यांत माधवचं नाव घ्यावं तर काकू मान खाली घालून बसतात. जिवंतांत धरून त्याच्यासाठी आयुष्य मागावं तर माझीच जीभ अडते. माझा भाऊ ना इकडे ना तिकडे. मला त्याचं नावच घेता येत नाही."

बारा वर्षं माणसाची खबर नसली की पालाशविधी करतात. पळसाच्या पानादेठांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग मेलेल्या माणसाचं करतात ते सगळं करायचं. माधवची बारा वर्षं केव्हाच उलटली होती. विष्णू दर वर्षी विचारायचा, यमू दर वर्षी विषय बदलायची.

खरं सांगते, मी विष्णूच्या बाजूची होते. "हो म्हण आणि मोकळी हो," हे मी तिला किती वेळा सुनावलं असेल!

शेवटचं पर्व लागल्यावर एका संध्याकाळी विष्णू काकुळतीला आला. "काकू, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. तुमच्यामागे कोण परवानगी देणार मला?"

यमूने टीव्हीकडे बोट दाखवलं. "चंपाचं काय होतं ते बघू. ती सुटली तर मी हो म्हणेन."

"काकू, अहो, ती सीरियल आहे!"

"मग? तिची आणि माझी गोष्ट एकच ना? तिला जमलं तर मला जमेल."

दुसऱ्या दिवसापासून विष्णू संध्या आटोपून, कपाळाला भस्म लावून बरोबर साडेसातला हजर! कोपऱ्यातल्या पाटावर बसायचा. शीर्षकगीत लागलं की हळूच हात जोडायचा. टीव्हीतल्या भुताला मुक्ती मिळावी म्हणून देवाला साकडं घालणारा काशीतला हा पहिलाच याज्ञिक असावा!

*

आमच्यात एक स्वाती होती. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून साताऱ्याहून आलेली. पोरगी गोड, पण हिंदीशी तिचं उभं वैर.

एका भागात तांत्रिक चंपाला म्हणाला, "तुमने बहुत चेष्टा की, अब लौट जाओ।"

स्वाती चिडली. "कोणाची चेष्टा केली हो तिने? बिचारी गप्प बसलीय की जिन्यावर!"

गौरी हसून लोळायला लागली. यमूने स्वातीला जवळ बसवून समजावलं, "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपलं मराठी तिथे नेऊन चिकटवायचं नाही. हिंदी ऐकताना हिंदीच ऐकायचं." यमूचं हिंदी पक्कं. जन्मभर भाजीवाल्यांशी भांडून कमावलेलं.

स्वातीने धडा मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला म्हणाली, "भैया, थोडा कम करने की चेष्टा करो।"

असलं पोथीतलं हिंदी ऐकून भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला आणि हात जोडले. "मैडम, पूजा के लिए ले जा रही हैं क्या?"

*

पर्वाच्या मध्यावर घात झाला. चंपाची स्मृती गेली!

भुताला स्मृतिभ्रंश! मेल्यावर माणसाजवळ उरतं काय? आठवण! तीही काढून घेतली! जिन्यावर बसलीय, पण कोणाची वाट बघतेय ते तिलाच ठाऊक नाही. पाच पर्वं ज्या मुलीपायी आम्ही भाजी करपवली, तिला त्यांनी नुसती बसलेली बाई करून टाकली.

गौरी फोनवर लोकांची मतं वाचून दाखवायची. कोणी म्हणे लेखक बदलला. कोणी म्हणे नटी भांडून निघालीय, म्हणून तिला संवादच देत नाहीत. एकाने लिहिलं होतं, "पहले डर लगता था, अब दया आती है।" मला तो माणूस पटला.

मी म्हटलं, मलाही मत आहे. गौरीने फोन तोंडापुढे धरला. "बोल आजी, आपोआप लिहिलं जातं." मी ठणकावून सांगितलं, "मेल्यांनो, चंपाची आठवण परत द्या!"

फोन हिंदीचा. त्याने लिहिलं, "मेले में नौ चंपा की आठ वन परत दिया।" आणि गौरीने न बघता पाठवूनही दिलं!

खाली धडाधड उत्तरं. एक म्हणतो, "दादी, कौन से मेले में?" दुसरा म्हणतो, "नौ चंपा? यहाँ एक नहीं सँभल रही!"

आम्ही पोट धरून हसलो. यमू हसली नाही. हसणं ओसरल्यावर मला म्हणाली, "आक्का, माधवच्याही डोक्याला लागलं असेल का गं कुठे? घरच आठवत नसेल. तसं असेल तर बरं. म्हणजे तो येत नाही असं नाही, त्याला फक्त ठाऊक नाही."

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारी बाई म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध आहे. मी चहा टाकायला उठले.

*

शेवटाकडे सीरियलवाल्यांनी घाटावर चंपाचं पिंडदान ठेवलं. विष्णू सरसावून बसला. आज सुटणार!

पडद्यावरचा पंडित जोरजोरात मंत्र म्हणू लागला. विष्णूचा चेहरा आधी आक्रसला, मग लाल झाला, मग तो पाटावरून उठलाच!

"अपसव्य! अरे, अपसव्य कर! जानवं उजव्या खांद्यावर घे! आणि तोंड दक्षिणेला! हा कॅमेऱ्याकडे तोंड करून पिंड देतोय! असलं पिंडदान कोणाला पोचणार?"

यमू तत्काळ म्हणाली, "म्हणजे पोचलं नाही?"

"छे! फुकट गेलं सगळं!"

"मग चंपा काही सुटली नाही."

विष्णू उभ्याचा उभा राहिला. काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. "तसं नाही काकू... सीरियलमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं."

"शास्त्रात चालतं का?"

विष्णूने कपाळावरचं भस्म चोळलं. खोटं बोलावं तर पोटाची विद्या बुडते, खरं बोलावं तर माधव अडकतो.

"नाही चालत," तो म्हणाला.

"गौरी, आवाज वाढव गं," यमू म्हणाली. "पुढे काय होतं ते बघू."

जिन्यात विष्णूने मला गाठलं. "आक्का, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"तू कुठे बोललास?" मी म्हटलं. "तुझं जानवं बोललं!"

*

शेवटचा भाग लागायच्या आधीच आमच्यातली एक जागा रिकामी झाली. स्वातीच्या नवऱ्याची परत बदली. जाताना तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी फोनवरून तुमच्याबरोबर बघेन." गौरीचंही बंगळूरच्या नोकरीचं पक्कं झालं होतं. आता तिचा फोन येतो रविवारी. विचारते, "आजी, टीव्ही लगाती हो की नाही?" मी म्हणते, लावते. मीही यमूसारखीच उत्तरं देते हल्ली.

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी यमू जरीकाठाची साडी नेसून वर आली. वेणी घट्ट घातलेली. जणू परीक्षेला चाललीय! विष्णू माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आक्का, पळसाची पानं सांगून ठेवलीत. चुनारकडून येतात." गौरीने स्वातीचा फोन लावून पाटाशेजारी ठेवला.

भाग सुरू झाला. आम्ही चौघं, फोनमध्ये पाचवी. कोणी चहासुद्धा मागितला नाही.

सगळं कोठीत. शेवटच्या काही मिनिटांत चंपाला एकदम सगळं आठवलं. दारातून पांढरा उजेड आला. तो म्हणे नवरा! चंपा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पायरीवरून उठून उभी राहिली. पडदा पांढरा झाला. मग सकाळ. कोठीचा म्हातारा चौकीदार जिना चढून वर गेला, इकडेतिकडे बघितलं, बाहेर अंगणात आला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला,

"कोठी खाली है।"

संपलं. नावं वर सरकायला लागली.

"एवढंच?" फोनमधून स्वाती.

"बकवास!" गौरी. "छह सीज़न बघून ये एंड?"

मला चंपाच्या नवऱ्याचा राग आला होता. "आला तर चेहरा दाखवा की! उजेड काय दाखवता? उजेड कोणीही असू शकतो!"

 नावं संपली, तेलाची जाहिरात लागली, यमू तीही बघत राहिली. मग विष्णूने पाट पुढे ओढला आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "काकू. सुटली चंपा."

"कुठे सुटली?" यमू म्हणाली. "तो म्हातारा काय म्हणाला ऐकलं नाहीस? कोठीखाली है."

"हो ना. खाली. म्हणजे..."

"कोठीखाली. कोठीच्या खाली. तळघरात असेल. जिन्यावर बसून बसून पाय आखडले असतील तिचे. खाली गेली असेल जरा."

गौरीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मिटलं.

"काकू," विष्णूचा दांडगा आवाज बसला होता, "हिंदीत खाली म्हणजे रिकामी. तुम्हाला चांगलं माहीत आहे."

यमू जरीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "मला काय माहीत! शब्दाचं आक्काला विचार. शब्दाचं आक्कालाच विचारतात."

विष्णू माझ्याकडे वळला. पाटावरूनच त्याने हात जोडले.

"आक्का, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते काकू मानतील. खाली म्हणजे काय?"

मी चष्मा काढला. पदराने पुसला. परत लावला.

"कोठीखाली म्हणजे कोठीच्या खाली," मी म्हटलं. "शब्दयोगी अव्यय आहे ते. शब्दाला जोडून लिहायचं."

"आक्का! तो माणूस हिंदी बोलत होता!"

"मला कुठे कोणी शाळेत घातलं होतं हिंदी शिकायला?"

जाहिरात संपून बातम्या लागल्या. गौरीने टीव्ही बंद केला. विष्णू माझ्याकडे बघत होता, मग यमूकडे, मग परत माझ्याकडे. शेवटी त्याने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मग पानं राहू देत," तो म्हणाला.

"राहू देत," यमू म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. जिन्याशी जाऊन रोजच्यासारखं म्हणाली, "मी खाली आहे गं, आक्का."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तिच्यामागून विष्णू उतरला. त्या दिवशी मी कडीसाठी ओरडले नाही. गल्लीकडच्या खिडकीशी उभी राहिले. विष्णू यमूच्या दारातून बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि चालायला लागला. चार पावलं गेला, थांबला, परत आला. दार थोडं आत ढकललं, आणि त्या फटीत आपली चार बोटं घालून बघितली.